पोलादातल्या अटी आणि कागदावरच्या अटी: अलास्का तेलवाहिनीचे प्रकरण

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळते तेव्हा सोबत अटींची लांबलचक यादी येते. त्यातल्या काही अटी बांधकामातच मुरतात: खांबाची उंची, नळ पुरण्याची खोली, मोरीचा (रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या नळीचा) उतार. बाकीच्या अटी कुणीतरी रोज पाळायच्या असतात: गस्त, सफाई, दुरुस्ती, अपघाताची तयारी. काही दशकांनंतर या दोन प्रकारच्या अटींचे काय होते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायचे असेल तर ट्रान्स-अलास्का तेलवाहिनीइतके बोलके प्रकरण मला दुसरे दिसत नाही. उत्तरेला आर्क्टिक किनाऱ्यावरच्या प्रुडो बेपासून दक्षिणेला वाल्डीझ बंदरापर्यंत १,२८७ किलोमीटर. वाटेत तीन पर्वतरांगा, तीसहून अधिक मोठ्या नद्या, शेकडो ओढे, कॅरिबूंचे कळप आणि बारमाही गोठलेली जमीन. १९७७ पासून ती चालू आहे, त्यामुळे कोणता उपाय टिकला आणि कोणता ढासळला हे सांगायला आता अंदाजाची गरज उरलेली नाही.

गरम तेल, गोठलेली जमीन

प्रुडो बेचा साठा १९६८ मध्ये सापडला. उत्तर अमेरिकेतला तो सर्वांत मोठा तेलसाठा. समुद्र वर्षातला बराच काळ गोठलेला असल्याने जहाजे तिथवर नेणे अवघड, म्हणून तेल दक्षिणेच्या बर्फमुक्त बंदराला नळाने न्यायचे ठरले. १९६९ मध्येच जपानमधून १२२ सेंटिमीटर व्यासाच्या नळांची मागणी नोंदवली गेली. नळ ठरला, मार्ग ठरला; जमीन मात्र अजून कुणी नीट वाचली नव्हती. मूळ बेत जवळजवळ सगळी वाहिनी नेहमीसारखी पुरून टाकण्याचा होता.

अडचण तापमानाची. खोल खडकातून येणारे तेल गरम असते आणि ते वाहते राहावे म्हणून गरमच ठेवावे लागते. उत्तर अलास्काची जमीन मात्र बर्फाने सांधलेली आहे. उन्हाळ्यात वरचा पातळ थर तेवढा वितळतो. त्याखाली माती आणि बर्फ एकजीव होऊन हजारो वर्षे घट्ट बसलेले असतात. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतले आर्थर लॅकनब्रुक यांनी १९७० मध्ये या प्रश्नाचे गणित मांडले. ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असा नळ सुमारे दोन मीटर खोल पुरला, तर काही वर्षांतच तो स्वतःभोवती ६ ते ९ मीटर व्यासाचा पट्टा वितळवून टाकेल. बर्फाचे प्रमाण जास्त असलेली माती वितळली की चिखल होतो आणि तो अगदी सौम्य उतारावरूनही सरकू लागतो. नळाचा आधार जातो, नळ वाकतो, फुटतो. आणि फुटला नाही तरी तो चिखल ओढ्यात उतरतो. कागदावर हे छोटेसे टिपण होते, पण सगळा आराखडा त्यामुळे बदलावा लागला.

तो बदलायला वेळ मिळाला तो न्यायालयामुळे. अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० ला अमलात आला आणि एप्रिलमध्येच वाइल्डरनेस सोसायटी, फ्रेंड्स ऑफ द अर्थ आणि एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड या तीन संस्थांच्या दाव्यावर न्यायालयाने काम रोखले. सविस्तर परिणाम अहवाल १९७२ मध्ये आला. पुढे संसदेनेच मध्ये पडून प्रकल्पाची वाट मोकळी केली. पुन्हा न्यायालयात आव्हान देण्याचा मार्ग बंद करणारी दुरुस्ती जुलै १९७३ मध्ये सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४९ अशी अडकली आणि उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्या मताने तरली. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलपुरवठा रोखला आणि नोव्हेंबरमध्ये कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली. खटला करणाऱ्यांच्या दृष्टीने हा पराभवच होता. तरीही माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत परिणामकारक पर्यावरणीय उपाय म्हणजे ती साडेतीन वर्षेच. त्या काळात मार्गावर हजारो छिद्रे घेऊन माती तपासली गेली आणि पुरण्याचा हट्ट सुटला.

शेवटी सुमारे ६७६ किलोमीटर, म्हणजे निम्म्याहून अधिक वाहिनी जमिनीवर उचलली गेली. जिथे खडक किंवा कोरडी, स्थिर रेव होती तिथेच ती पुरली. उचललेल्या भागासाठी सुमारे ७८,००० खांब लागले. पण खांब रोवूनही प्रश्न सुटत नाही, कारण नळाची ऊब खांबातून खाली उतरते. म्हणून बऱ्याच खांबांत दोन-दोन उष्णतानळ बसवले, एकूण १,२४,०००. या बंद नळ्यांत थोडा अमोनिया असतो. हिवाळ्यात हवा जमिनीपेक्षा थंड असते, तेव्हा तळाचा अमोनिया मातीतली उष्णता घेऊन वाफ होतो, वर चढतो, टोकाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांशी थंड होतो आणि थेंबाथेंबाने पुन्हा खाली येतो. उन्हाळ्यात वरची हवा गरम झाली की हे चक्र आपोआप थांबते, त्यामुळे उष्णता उलटी खाली जात नाही. त्याला पंप, वीज, पहारेकरी काहीच लागत नाही. हिवाळाभर जमीन इतकी थंड होते की उन्हाळा निभावून जातो.

नागमोडी बांधणीमागेही असाच विचार आहे. तापमान बदलले की नळ लांबतो, आखडतो. सरळ रेषेत ताणून बांधला असता तर तो ताण वेल्डिंगच्या सांध्यांवर आला असता. वळणांमुळे तो बाजूला सरकून मोकळा होतो. डेनाली भ्रंश, म्हणजे भूकवचातली मोठी भेग, ओलांडताना तर नळ लांब आडव्या तुळयांवर घसरत्या पादुकांनी नुसता टेकवला आहे. ३ नोव्हेंबर २००२ ला ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, भ्रंशाच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सुमारे ४ मीटर सरकल्या, काही आधार मोडले आणि तेल मात्र सांडले नाही. वाहिनी तीन दिवसांच्या आत पुन्हा सुरू झाली. त्या भागातल्या नद्यांचे रक्षण त्या दिवशी तीस वर्षांपूर्वीच्या एका रेखाटनाने केले.

कॅरिबूंची वाट

कॅरिबू हे रेनडिअरच्याच जातीचे उत्तर अमेरिकी प्राणी. उत्तर उतारावर, म्हणजे प्रुडो बेच्या आसपासच्या प्रदेशात, चरणारा सेंट्रल आर्क्टिक कळप जूनमध्ये किनाऱ्याजवळच्या टुंड्रावर, म्हणजे सपाट, वृक्षहीन गोठल्या मैदानावर, वितो. नंतर डासांचा आणि गोमाश्यांचा सुकाळ होतो, तेव्हा जनावरे वाऱ्याच्या शोधात समुद्रकाठाकडे धावतात आणि थंडी पडली की चरायला परत आत येतात. हे येणे-जाणे त्यांच्यासाठी जगण्याचा भाग आहे. डासांनी छळलेले जनावर चरत नाही. चरले नाही तर मादीच्या अंगावर चरबी चढत नाही. चरबी कमी असलेली मादी पुढच्या वर्षी गाभण राहीलच असे नाही. म्हणजे एखादा अडथळा कॅरिबूला न मारताही कळप घटवू शकतो.

आराखड्यात यासाठी ५५४ ठिकाणी नळ किमान ३ मीटर उंच उचलला, २३ ठिकाणी थोड्या अंतरापुरता पुरला आणि दोन ठिकाणी चक्क थंड केलेले मिठाचे पाणी भोवती फिरवून गोठलेल्या जमिनीत पुरला. एवढा खर्च जनावरांच्या वाटेसाठी त्या काळात क्वचितच कुणी केला असेल. आणि वाहिनीच्या मुख्य मार्गावर तो कामी आला. नंतरच्या निरीक्षणांत असे दिसले की कॅरिबू आणि मूस (तिथले मोठे हरीण) नेमून दिलेल्या जागाच शोधत बसत नाहीत; उंची पुरेशी असेल तिथून जातात. म्हणजे खास ओलांडण्याच्या जागा मोजून दाखवण्यापेक्षा संपूर्ण लांबीत किमान उंची राखणे जास्त उपयोगाचे. तेलक्षेत्रातल्या आडव्या नळांबाबत हा धडा पुढे स्वीकारला गेला: आधी दीड मीटर असलेली किमान उंची नंतर दोन मीटरच्या वर नेली.

पण सगळ्यांचे डोळे नळावर होते आणि खरा अडथळा रस्त्यात होता. एकटा नळ कॅरिबू ओलांडतात, एकटा रस्ताही ओलांडतात. नळाला खेटून वर्दळीचा रस्ता असेल तर मात्र कळप बिचकतो, मागे फिरतो. म्हणून नंतरच्या कामांत दोहोंमध्ये शंभर-सव्वाशे मीटर अंतर ठेवण्याची शिफारस आली. व्यायच्या दिवसांत माद्या तर आणखी दूर राहतात. रेडिओ पट्टे लावून केलेल्या अभ्यासांत वासरासोबतच्या माद्या रस्त्यांपासून सुमारे ४ किलोमीटरचा पट्टा टाळताना दिसल्या, आणि तेलक्षेत्र वाढले तशी विण्याची मुख्य जागा तिथून सरकली. खडीच्या रस्त्याची रुंदी काही मीटर. त्याचा परिणाम त्याच्या शेकडो पट रुंद.

इथे एक सापळा आहे. १९७० च्या दशकात हा कळप सुमारे ५,००० होता, २०१० च्या सुमारास तो ७०,००० च्या घरात गेला. हा आकडा पुढे करून तेलाने वन्यजीवांचे काहीच बिघडत नाही असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१६ च्या मोजणीत कळप २३,००० च्याही खाली आला, तेव्हा ते सांगणे थांबले. कॅरिबूंचे कळप असेही दशकांच्या अंतराने फुगतात आणि ओसरतात. वाढ तेलामुळे झाली नव्हती, घटीचे सगळे खापरही तेलावर फोडता येत नाही. कळपाची एकूण संख्या हा परिणाम मोजायचा भोंगळ मापदंड आहे. कुठल्या माद्या कुठे वितात, त्यांतल्या किती गाभण राहतात, वासरांचे वजन किती भरते, हे पाहावे लागते. आणि ते पाहायला प्रकल्पाच्या आधीची नोंद हवी. इथे ती अगदी अपुरी होती.

एक नियम मात्र साधा आणि टिकाऊ ठरला. वाहिनीसोबत बांधलेल्या रस्त्याच्या, आजच्या डाल्टन महामार्गाच्या, दोन्ही बाजूंना आठ-आठ किलोमीटरपर्यंत बंदुकीने शिकार करायला मनाई आहे. नव्या रस्त्यावरून आलेला शिकारी हा रस्त्याचाच परिणाम असतो, हे इथे वेळीच ओळखले गेले.

हिवाळ्यातले पाणी

पाण्याबाबतची चूक वेगळ्या जातीची. बाहेरून पाहणाऱ्याला टुंड्रा म्हणजे पाणीच पाणी. तळी, डबकी, ओढे. हिवाळ्यात मात्र उथळ तळी आणि ओढे तळापर्यंत गोठतात. जिवंत पाणी उरते ते नदीतल्या काही खोल डोहांत आणि झऱ्यांच्या तोंडाशी. पूर्ण खोऱ्यातले ‘ग्रेलिंग’ आणि ‘चार’ नावाच्या जातींचे मासे तेवढ्याच जागेत दाटीवाटीने हिवाळा काढतात. बांधकामाला पाणी हवे ते नेमके त्याच दिवसांत, आणि पंप टाकायला सोपी जागा कोणती? तोच डोह. उन्हाळ्यात ज्या उपशाने काहीही फरक पडला नसता, तोच उपसा मार्चमध्ये एका मोसमात अनेक वर्षांची मासळी संपवू शकतो. वार्षिक सरासरी प्रवाहाचे आकडे देणाऱ्या अहवालात हे दिसतच नाही. पुढे अलास्कात माशांच्या तळ्यांतून हिवाळी उपशावर मर्यादा आली ती बर्फाखाली उरलेल्या पाण्याच्या हिश्श्यात मोजून, आणि मोजायची योग्य पद्धत तीच.

मोऱ्यांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण ओढ्यांचे बरेचसे नुकसान तिथे झाले. मोरीचे तोंड ओढ्याच्या तळापेक्षा वर राहिले, किंवा नळी अरुंद म्हणून आत पाण्याचा वेग वाढला, की वसंतात अंडी घालायला वर निघालेला मासा तिथेच अडतो. राज्य आणि केंद्र यांच्या मत्स्य व वन्यजीव खात्यांचे एक संयुक्त पथक बांधकामाच्या काळात मार्गावर फिरून असे अडथळे नोंदवत होते. त्या पथकाला सल्ला देता येई; काम थांबवण्याचा अधिकार दुसऱ्यांकडे होता. पाहणारा आणि थांबवणारा वेगळा असला की मधले दिवस माशांच्या वाट्याला येतात, आणि अंडी घालण्याचा हंगाम मोजक्या आठवड्यांचा असतो.

खडीचेही तसेच. रस्ते आणि तळपट्ट्या यांच्यासाठी सुरुवातीला ती नदीपात्रांतून आणि पूरमैदानांतून उपसली गेली. नंतर नदीपासून दूर खोल खाणी घेण्याकडे कल झुकला. त्यांतल्या काही खाणी काम संपल्यावर पाण्याने भरून नदीशी जोडल्या आणि मासे त्यांत हिवाळा काढू लागले. खोल पाण्याची जिथे मूळचीच टंचाई, तिथे हा खरोखर भरीव उपाय आहे.

वाहिनी संपते तिथे

वाल्डीझला तेल टाक्यांत साठते आणि जहाजांत भरले जाते. रिकामी येणारी जहाजे समतोलासाठी तेलाच्याच टाक्यांत समुद्राचे पाणी भरून आणत, आणि ते तेलकट पाणी खाडीत सोडले असते तर अपघाताशिवायच खाडी मेली असती. म्हणून किनाऱ्यावर ते पाणी शुद्ध करणारा प्रकल्प सुरुवातीपासून बांधला होता. त्याच्या कामगिरीवर वाद झाले, पण तो उभा होता आणि चालत होता.

जहाजांचे मात्र आश्वासनावर भागवले गेले. वाल्डीझहून तेल नेणाऱ्या नव्या अमेरिकी जहाजांना दुहेरी तळ बंधनकारक होईल, असे केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याचे मंत्री रॉजर्स मॉर्टन यांनी १९७२ मध्ये संसदीय समितीपुढे सांगितले होते. ते बंधन आले नाही. तेलगळतीशी सामना करण्याचा आराखडा होता. त्यात साधनसामग्रीचा तराफा काही तासांत पोहोचेल असे लिहिले होते. बारा वर्षे मोठे काही घडले नाही, आणि काही घडले नाही म्हणूनच तयारी विरत गेली.

२४ मार्च १९८९ च्या मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज ब्लाय रीफ या पाण्याखालच्या खडकावर चढले. सुमारे ३७,००० टन तेल वाल्डीझबाहेरच्या प्रिन्स विल्यम साउंड या खाडीत गेले. तराफा दुरुस्तीसाठी रिकामा केलेला होता. मदत घटनास्थळी पोहोचायला बारा तासांहून अधिक लागले. तेल दोन हजार किलोमीटरहून लांब किनाऱ्याला लागले. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी आणि २,८०० समुद्री ऊदमांजरे मेली. ऑर्का व्हेलांचा एक छोटा गट त्यानंतर कधीच सावरला नाही. ज्या प्रकल्पाने जमिनीवर प्रत्येक खांबाखालची माती तपासली, त्याच प्रकल्पाने समुद्रात मात्र एकपदरी पत्र्यावर विसंबून राहायचे ठरवले, हे मला या प्रकरणातले सर्वांत अस्वस्थ करणारे वास्तव वाटते. मॉर्टन यांचे म्हणणे खरे झाले असते तर अपघात टळला नसता, पण सांडलेले तेल नक्कीच कमी झाले असते.

१९९० च्या तेलप्रदूषण कायद्याने दुहेरी कवच टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले. भरलेल्या जहाजासोबत दोन टग (जहाज ओढणाऱ्या) बोटी देण्याचा नियम आला. सगळी जहाजे दुहेरी कवचाची होत आल्यावर तो गळून पडेल अशी चिन्हे दिसताच २०१० मध्ये तोही कायद्यात पक्का करण्यात आला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मच्छीमार, आदिवासी गावे आणि किनाऱ्यावरची शहरे यांची प्रादेशिक नागरिक सल्लागार परिषद. तिचा खर्च वाहिनी चालवणाऱ्या कंपनीने द्यायचा, पण तिचे काम कंपनीवर नजर ठेवण्याचे. ही कल्पना स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरील सलम व्हो तेलबंदराकडून घेतली होती. तिच्याजवळ स्वतःचे तज्ज्ञ आहेत, म्हणून तयारी खरोखर शिल्लक आहे का हे कंपनीच्या अहवालाखेरीजही कळते. कागदावरची अट जिवंत ठेवायची तर जिचे पोट त्या पाण्यावर आहे अशा माणसांच्या हातात तपासणीचा पैसा द्यावा लागतो.

मार्च २००६ मध्ये प्रुडो बेच्या तेलक्षेत्रात हाच नियम पुन्हा दिसला. मुख्य वाहिनीकडे तेल नेणारा एक नळ आतून गंजून छिद्र पडले आणि सुमारे ८ लाख लिटर तेल टुंड्रावर पसरले. गळती संथ होती, बर्फाखाली होती, आणि यंत्रणेकडून ती वेळेत उघडकीस आली नाही. तिथून जाणाऱ्या कामगाराला वास आला. त्या नळातून आतली सफाई करणारे यंत्र कित्येक वर्षे फिरवलेच नव्हते.

पुढचा प्रश्न

१९८८ मध्ये या वाहिनीतून रोज वीस लाख पिंपांहून अधिक तेल जात होते. आता त्याच्या पाव हिश्श्याइतकेच जाते. जे अंतर तेव्हा पाचएक दिवसांत कापले जाई त्याला आता दोन आठवड्यांहून अधिक लागतात. तेल वाटेत थंड होते, मेण साचते, पाणी वेगळे होऊन गोठण्याचा आणि गंजण्याचा धोका वाढतो. आराखडा गरम तेलापासून जमीन वाचवण्यासाठी केला होता. आता थंडीपासून तेल जपावे लागते, आणि तिकडे हवामान तापल्याने जमीन स्वतःच वितळू लागली आहे. फेअरबँक्सच्या उत्तरेला एका उतारावर माती सरकून आधार झुकू लागले, तेव्हा तिथे जास्तीचे उष्णतानळ रोवून उतार पुन्हा गोठवावा लागला. ते नळ हिवाळ्याच्या थंडीवर चालतात. हिवाळे सौम्य होत जातील तशी त्यांची ताकद घटेल. आपोआप चालणाऱ्या उपायालाही एक गृहीतक असते, आणि ते दर काही वर्षांनी तपासण्याची अट मूळ आराखड्यात हवी होती.

मार्गाचा सध्याचा परवाना २०३४ पर्यंत आहे. वापर संपल्यावर वाहिनी काढून जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी मालक कंपन्यांची आहे आणि त्यासाठीचे पैसे वाहतूक-शुल्कातून दशकानुदशके गोळा झाले, पण ते वेगळ्या निधीत राखून ठेवलेले नाहीत. खांब किती खोलीपर्यंत कापायचे, नदीपात्राखालचे नळ उपसायचे की साफ करून तिथेच सोडायचे, खडीचे पट्टे उचलले तर खालची गोठलेली जमीन उघडी पडून खचेल त्याचे काय करायचे, हे ठरायचे आहे. हिवाळ्यात मासे कोणत्या डोहांत राहतात आणि माद्या आता कुठे वितात याच्या नोंदी आज हाताशी आहेत. १९७० मध्ये त्या नव्हत्या. काढण्याचा आराखडा त्या नोंदींवर बेतायचा असेल तर त्याचे काम आणि त्याचा निधी परवाना संपायच्या आत, मालक कंपन्यांच्या ताळेबंदाबाहेर उभा राहायला हवा.